सूनमुखाची शेळी

सूनमुख बघताना सासू सुनेच्या तोंडात साखर घालते आणि हातात काहीतरी देते. माझ्या थोरल्या बहिणीला नथ मिळाली, मावशीच्या मुलीला पैठणी मिळाली. मला शेळी मिळाली. पुरती शेळीसुद्धा नाही, पाट. शेळीच्या मादी पिल्लाला पाट म्हणतात हेही मला त्याच दिवशी कळलं. माझ्या सासूबाईंनी, ठकूबाईंनी, साखर भरवली, आरसा बाजूला ठेवला आणि माझ्या हातात दोरी दिली. "ही तुझी हो गो. घराची नाय, तुझी," एवढंच म्हणाल्या. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तांबड्या अंगाची, काळ्या तोंडाची ती पाट माझ्या शालूचा पदर चघळत होती. भांडुपहून आलेल्या माझ्या मैत्रिणी हसून हसून आडव्या झाल्या. मी हसले नाही. मला राग आला होता, आणि माझा राग लपत नाही.

दुसऱ्या दिवशी सार्थकने, माझ्या नवऱ्याने, मला पडवीतल्या भिंतीवरचा विळा दाखवला. पातं झिजून अर्धं झालेलं, मूठ नवी. "आईच्या सूनमुखाला तिच्या सासूने हा दिला होता," तो म्हणाला. मी विचारलं, विळाच का? तर म्हणे, सून आली त्या सकाळी गोठ्यात वैरण नव्हती. म्हणजे माझ्या सासूबाईंनी अंगावरची हळद निघायच्या आधी गवत कापलं होतं. त्यानंतर मी शेळीबद्दल कुरकुर केली नाही. तिचं नाव मी गुंजी ठेवलं, कारण रंग अगदी गुंजेचा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, वर डोंगराचा उतार, मधे घरं. इथे गावकीचा एक नियम आहे. भाताची लावणी झाली की सगळ्यांनी शेळ्या बांधायच्या, त्या थेट कापणीपर्यंत. सुटलेली शेळी कुणाच्या खाचरात शिरली की मालकाने देवळात सगळ्यांसमोर नाक घासायचं. नियम चांगला आहे, नाहीतर शेळ्या भात ठेवतील होय? पण बांधलेल्या शेळीला खायला कुणीतरी आणून घालावं लागतं. म्हणून पावसाळाभर वाडीतल्या बायका भल्या सकाळी खाचरांच्या बांधांवरचं कोवळं, भिजलेलं गवत कापून भारे आणतात. मीही आणायचे. हिरवंगार, रसरशीत गवत. ते बघून शेळी व्हावंसं वाटेल असं.

आणि दर श्रावणात वाडीतल्या शेळ्या खंगतात. पोटात जंत होतात, हे सगळ्यांना माहीत. जंत का होतात, हे कुणी विचारत नाही. मृग आला की पाऊस येतो, तसे श्रावण आला की जंत येतात, असं सगळ्यांचं मत. मग पोलादपूरच्या दुकानातून जंताची बाटली यायची. एक बाटली चार घरांत फिरायची, प्रत्येक जण अंदाजाने दोन घोट पाजायचा. काही शेळ्या तगायच्या, काही जायच्या.

माझ्या दुसऱ्या श्रावणात गुंजी गाभण होती. आषाढ सरेपर्यंत बरी होती. मग तिचे केस उभे राहिले, पाठीचा कणा दिसायला लागला, आणि एका सकाळी तिच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. सार्थक महाडच्या एमआयडीसीतून पाळी संपवून येताना बाटली घेऊन आला. पाजली. काही फरक नाही. आईंनी, मी सासूबाईंना आईच म्हणते, फडताळातून पळसाच्या बिया काढल्या. त्या कुटून गुळात घालून द्यायच्या, हे त्यांच्या माहेरचं औषध. बिया कुटायला घेतल्या आणि पुन्हा ठेवून दिल्या.

"का हो आई?"

"गाभण हाय ती. मना भ्या वाटतं."

आईंना भीती वाटते, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि मला कशाची भीती वाटत होती तेही सांगून टाकते. शेजारच्या जानकीबाई पाणी भरताना मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या होत्या, "सूनमुखाची शेळी गेली तर सुनेचा पाय कसा म्हनायचा?" मुंबईत असते तर मी असल्या बोलण्यावर मीम केलं असतं. इथे मला झोप लागेना. मी बारावीला विज्ञान घेतलेली मुलगी, आणि एका शेळीच्या जिवावर माझे पाय पांढरे की काळे ते ठरणार होतं. गुंजी जगायला हवी होती. तिच्यासाठी हवी होती आणि माझ्यासाठीही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातल्या निशा मॅडम लसी घेऊन वाडीत आल्या. त्या मूळच्या दासगावच्या, जरा ठसकेबाज. पावसात भिजत, गमबूट फट्‌फट् वाजवत त्या गोठ्यात शिरल्या आणि गुंजीजवळ उकिडव्या बसल्या. अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी उलटून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बघा. आतला रंग कसा दिसतो?"

"पांढरा."

"लाल असायला हवा. डोळे आतून लाल असले की जनावर बरं. पांढरे पडले म्हणजे पोटातले जंत रक्त पितायत."

"बाटली पाजली की हो मॅडम."

"कुठली?" मी दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "अख्खी वाडी दर वर्षी हीच पाजते, तीही अर्धी अर्धी. जंतांना आता ती सवयीची झाली. दुसरं औषध महाडहून मागवलंय, आलं की मीच घेऊन येते. तोवर हिला बांधावरचं गवत बंद."

आई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग खाईल काय ती? त्यात काय वंगाळ हाय?"

निशा मॅडमनी त्यांना दारातूनच खालची बाजू दाखवली. सगळ्या गोठ्यांचं पाणी, लेंड्यांसकट, उतरून त्याच बांधांवर जात होतं. जंतांची अंडी त्या लेंड्यांतून, पिल्लं त्या ओल्या गवतावर, आणि ते गवत आम्ही सकाळी दवासकट कापून पुन्हा शेळ्यांपुढे टाकत होतो. "झाडाचा पाला घाला," त्या म्हणाल्या. "जंत गवताच्या बुडाशी असतो, झाडावर चढत नाही. आणि कडवट, तुरट पाला शेळीला मानवतो. पळसाच्या बिया मात्र गाभण शेळीला नकोतच. आजी, तुम्ही थांबलात ते बरं केलंत."

आईंनी पदर तोंडाला लावला. कौतुक झालं की त्या तसंच करतात.

मॅडम गेल्या आणि पाऊस असा कोसळायला लागला की पाला आणायला बाहेर पडणं शक्य नव्हतं. म्हटलं, सकाळी आणू. आणि सकाळी नागपंचमी.

नागपंचमीला काही कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. आमच्या घरी त्या दिवशी विळी उपडी ठेवतात आणि विळा, कोयता फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगतात. शेळ्यांसाठी बांधावरच्या गवताचे दोन भारे आई आधीच आणून ठेवतात, आणि ते तसेच आणून ठेवलेले होते. म्हणजे गुंजीपुढे एकतर तेच जंतांचं गवत, नाहीतर उपास. गोठ्यात ती भिंतीला टेकून उभी होती. मला बघून ओरडलीसुद्धा नाही. मी आढ्याचा कोयता काढला.

आईंनी मागून माझं मनगट धरलं. "आज नाय."

"आई, ती संध्याकाळपर्यंत टिकणार नाही."

"आज नाय म्हटलं ना."

"मग हातानं ओरबाडून आणते."

"तोडनं काय नि कापनं काय. येकच."

माझा पारा चढला. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "शेळी मेली तर तुमचा नाग येणार आहे का पिल्लं द्यायला?"

कोयता माझ्या हातातून घेऊन आईंनी तो पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग खाली बसल्या. "मना येकच भाव हाय गो," त्या म्हणाल्या. "भिकाजी. मुंबईला लिफ्टच्या कामावर असतो, दोरावर लोंबकळतो दिसभर. वर्साचा येक दिस मी हात आखडते त्याच्यासाठी. तेवडंच मना करता येतं."

भिकाजीमामांना मी लग्नात पाहिलं होतं. मी पाया पडायच्या आधीच मला उठवून "सुखी रहा" म्हणाले होते. मला माझीच लाज वाटली, पण गुंजी समोर होती आणि लाजेने तिचं पोट भरणार नव्हतं. मीही रडकुंडीला आले होते.

मग आई उठल्या. गुंजीची दोरी खुंटीवरून सोडली आणि माझ्या हातात दिली, अगदी लग्नाच्या दिवशी दिली होती तशी.

"मान्सानं कापायचं नाय. शेळीला कुठं हाय नागपंचमी? तिला वर ने. खाईल तिचं ती."

"आणि गावकी? लावणीनंतर शेळी सोडायची नाही ना?"

"सोडायची नाय. पन सोडतोय कोन? दोरी हातात ठेव. दोरी हातात हाय तवर ती बांधलेलीच."

कोर्टात उभं केलं असतं तर आईंनी वकिलांची तोंडं बंद केली असती. आम्ही निघालो. पुढे मी, मागे गुंजी, तिच्या मागे तिला हळूच ढकलत आई.

वाटेत भागोजीकाकांचं घर. भागोजीकाका म्हणजे गावकीचे पुढारी. नागाला दूध दाखवून ते पडवीत पातोळ्या खात बसले होते. आम्हाला बघून त्यांचा हात तोंडाशीच थांबला.

"ठकूबाय! शेळी कुठं काढलीस? लावनी झालीय!"

"काढली नाय. बांधलीय. ही बघ दोरी."

"दुसरं टोक कुठं बांधलंय?"

"सुनंच्या हातात बांधलंय. माजी सून काय खुट्यापेक्षा कमी हाय?"

"उद्या देवळात बोलवीन हां!"

"बोलव. पातोळी थंड होतीय ती खा आधी."

आम्ही पुढे सरकलो. उतारावर पाऊस थांबला होता. गवत गुडघाभर, लुसलुशीत. मला वाटलं, गुंजी आता तिथेच तोंड घालणार. ती थांबली, हुंगली आणि पुढे गेली. तिला धाप लागत होती, एकदा तर तिने गुडघे टेकले. आईंनी तिला पोटाखालून हात घालून उठवलं. पुन्हा चालली. मी दोरी सैल धरली होती, ओढत नव्हते. कुठे जायचं ते तिलाच ठरवू दिलं.

ती कुड्याच्या झाडाशी जाऊन थांबली. लांब शेंगा लोंबत होत्या, ज्यांची आई भाजी करतात ना, त्याच. गुंजीने मान वर केली आणि एक पान ओढलं. देठातून पांढरा चीक आला. तिने पान चावलं, थांबली, आणि दुसरं ओढलं.

"अगो बाय!" आई म्हणाल्या. "कुड्याला शेळी तोंड लावत नाय कंदी! माजा जलम गेला शेळ्यांत, मी पायलं नाय." त्यांनी खाली गळालेलं एक पान उचललं, दाताखाली धरलं आणि लगेच थुंकल्या. "कडू जहर!"

गुंजी खात होती. आधाशासारखी नाही, विचार करत करत. हाताशी येणारी पानं संपली तेव्हा तिने मागच्या पायांवर उभं राहायचा प्रयत्न केला आणि घसरली. वरची फांदी तिच्यापासून वीतभर दूर. मी हात घातला तशी आई ओरडल्या, "तोडू नको!" आणि स्वतःच उडी मारून फांदी दोन्ही हातांनी धरून लोंबकळल्या. साठीची बाई, नऊवारीचा काष्टा, पाय जमिनीपासून अधांतरी. "वाकवली हाय. तोडली नाय. खाऊ दे तिला लवकर, हात दुकतात!"

मी हसायला लागले. लग्नात जे हसू आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं. आई वरून शिव्या देत होत्या आणि हसतही होत्या, आणि गुंजी त्यांच्या पायाशी शांतपणे पानं खात होती. मग मी दुसरी फांदी धरली. दुपारपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने झाडाला लोंबकळत होतो. कुडा झाल्यावर ती ऐनाच्या कोवळ्या पाल्याकडे गेली, मग करवंदीच्या जाळीत शिरली. सगळं तुरट आणि कडवट, गवताकडे तिने पुन्हा बघितलं नाही.

ती त्या दिवशी मेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता कापायला मोकळीक होती, पण आम्ही पाला कापून आणला नाही, दोरी धरून तिलाच वर नेलं. कुडा तिने थोडे दिवस खाल्ला आणि मग एका सकाळी त्याच झाडाजवळून तोंड फिरवून सरळ पुढे गेली. आई म्हणाल्या, "झालं तिचं औशद." मी रोज तिची पापणी उलटून बघायचे. पांढऱ्याचा फिका गुलाबी झाला. हनुवटीखालची सूज उतरली. ज्या दिवशी तिने जानकीबाईंची वाळत घातलेली चोळी दोरीवरून ओढून खाल्ली, त्या दिवशी मला खात्री पटली की ही जगणार. जानकीबाई ओरडल्या, आणि मला ते गाण्यासारखं गोड लागलं.

निशा मॅडम औषध घेऊन आल्या तेव्हा त्यांनी गुंजीची पापणी दोनदा उलटून पाहिली. मी कुड्याची सगळी हकीकत सांगितली, आईंच्या लोंबकळण्यासकट. त्या खूप हसल्या, पण म्हणाल्या, "कुड्यामुळे झालं, की बांधाचं गवत सुटलं म्हणून झालं, हे एका शेळीवरून मी सांगणार नाही. आणि कुडा कुटून कुणी जबरदस्तीने पाजू नका. तिला कळलं तेवढं तिने खाल्लं, आपल्याला ते माप माहीत नाही." गुंजीला औषधाची गरज नव्हती. ज्यांचे डोळे पांढरे होते त्याच शेळ्यांना त्यांनी ते वजन बघून दिलं, बाकीच्यांना नाही. भागोजीकाकांच्या गोठ्यात तर सगळ्याच पांढऱ्या निघाल्या.

मग देवळातली बैठक बसली. भागोजीकाकांनी आम्हाला बोलावलं होतं, शब्दाला जागले. आई पुढे जाऊन उभ्या राहिल्या, मी मागे. नाक घासायची वेळ आली तर मी घासणार, असं मी मनाशी ठरवलं होतं. काकांनी खाकरून घसा साफ केला. गावकीचा नियम वाचल्यासारखा म्हणून दाखवला. मग थांबून, कुणाकडे न बघता म्हणाले, "नियम सोडलेल्या शेळीचा हाय. दोरी हातात असंल तर ती सोडलेली म्हनायची का, यावर इचार व्हायला होवा."

विचार झाला. बराच आवाज झाला, दोन जुनी भांडणंही निघाली. शेवटी ठरलं की दुपारी, दव सुकल्यावर, ज्याला उतारावर शेळी न्यायची त्याने न्यावी, पण दोरी हातातून सुटली की नाक घासणं आहेच. बाहेर पडताना काका आईंच्या कानाशी लागले, "ठकूबाय, तो कुडा नेमका कुठला गो?" आई म्हणाल्या, "तुज्या शेळीला इचार."

तेव्हापासून दुपारी आमच्या उतारावर बायकांची आणि शेळ्यांची जत्रा असते. प्रत्येकीच्या हातात दोरी. गुंजीसारखी कुड्याला तोंड लावणारी शेळी क्वचित दिसते, बहुतेक जणी ऐन आणि करवंदच खातात. पण त्या श्रावणात नंतर वाडीत एकही शेळी दगावली नाही. जानकीबाई आता पाणी भरताना मला म्हणतात, "तुजा पाय चांगला हो!" मी त्यांना सांगते, पाय माझा नाही, शेळीचा. चार आहेत तिला.

दिवाळीच्या तोंडावर, भात कापून झोडणी चालू असताना, गुंजी व्याली. आधी एक बोकड, मग एक पाट. पाट तिच्या आईसारखीच, तांबडी अंगाने, काळी तोंडाने. आई खळ्यावर होत्या. मी त्यांना हाक मारून बोलावलं, हातपाय धुवायला लावले आणि उंबऱ्याच्या आत बसवलं. त्या म्हणाल्या, "काय चाललंय गो तुजं? तिकडं भात पडलाय."

मी साखरेचा डबा आणला. चिमूटभर साखर त्यांच्या तोंडात घातली. मग जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती ओली पाट त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमची," मी म्हटलं. "घराची नाही, तुमची."

आईंनी भिंतीवरच्या त्या झिजलेल्या विळ्याकडे पाहिलं आणि मग मांडीवर. पाट त्यांच्या बोटाला दूध समजून चोखत होती. "अगो, सून कंदी सासूचं तोंड बगते काय?" त्या कशाबशा म्हणाल्या. "उलटंच हाय तुजं समदं."

"गावकीचा तसा नियम आहे का?"

"नाय," त्या म्हणाल्या. आणि मग घाईघाईने, "डोळं बघ आधी. डोळं बघ तिचं."

मी वाकून पाटीची इवलीशी पापणी अंगठ्याने उलटली. आत लाल होतं. मान वर केली तर आई माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचे डोळेही लाल झाले होते.